चारशे चौकोन

माझ्या यजमानांना जाऊन आठ महिने झाले. मी शाळेच्या ग्रंथालयात सत्तावीस वर्षं काढली. दुसऱ्यांनी लिहिलेलं जागच्या जागी लावून ठेवायचं, हे माझं काम होतं. स्वतः लिहायची वेळ आली की हात जड होतो. रोज सकाळी अर्धं पान होतं, कधी तेही नाही. तरी त्यांच्या डोळ्यांची हकीकत लिहून ठेवायला हवी असं वाटतं, कारण तिच्यातला एक भाग फक्त मला ठाऊक आहे.

ते ड्राफ्ट्समन होते. पनवेलच्या आजूबाजूला नवं शहर वसवायचं काम ज्या कचेरीत चालायचं, तिथे नकाशे काढत. रोडपालीचे सेक्टर त्यांनी ट्रेसिंग पेपरवर आखले तेव्हा तिथे भात उभं होतं आणि बांधावर बगळे. एखाद्या रविवारी आम्ही तिकडे फिरायला गेलो की ते बांधावर थांबत आणि गंभीर चेहऱ्याने म्हणत, "बाजूला हो. तू भर चौकात उभी आहेस."

वाकडं त्यांना सोसत नसे. मी भिंतीवर कॅलेंडर लावलं की न बोलता उठायचे, खिळ्यावर बोट ठेवून ते केसभर सरकवायचे आणि परत येऊन बसायचे. मला ते आधीही सरळच दिसायचं. "तुझ्या डोळ्यांत पाणसळ घालायची राहिली," असं म्हणायचे. गवंडी जमिनीची पातळी बघायला वापरतात ती पाणसळ त्यांच्या डोळ्यांत उपजतच होती, आणि मला ते मान्य होतं. घरातल्या पुस्तकांचं मी बघायचं आणि रेघांचं त्यांनी, अशी आमची वाटणी लग्नानंतर वर्षभरातच ठरून गेली.

चोपन्नाव्या वर्षी त्यांचा उजवा डोळा गेला. गेला म्हणजे अंधार झाला नाही, मधलं गेलं. समोर माणूस उभा असला तर त्याचे खांदे दिसायचे, पाय दिसायचे, मागची भिंत दिसायची. चेहऱ्याच्या जागी मात्र कोणीतरी ओला अंगठा फिरवल्यासारखं. हे कधी सुरू झालं ते त्यांनाही सांगता आलं नाही. डावा डोळा शाबूत होता आणि तो दोघांचं काम करत होता. एके दिवशी डाव्या डोळ्यात कचरा गेला, म्हणून तो मिटला, तेव्हा समोरच्या नकाशातला अख्खा चौक नाहीसा झालेला दिसला.

पनवेलच्या डॉक्टरांनी दोनदा चष्म्याचा नंबर बदलला आणि मग मुंबईची चिठ्ठी दिली. तिथल्या डॉक्टर बाई फक्त डोळ्याच्या पडद्याचं बघत. वयाने आमच्यापेक्षा पुष्कळ लहान, केस घट्ट बांधलेले, आणि बोलताना समोरच्या कागदावर सारख्या आकृत्या काढायची सवय. त्यांनी आम्हाला डोळ्याचा पडदा समजावला. त्याच्या मधोमध एक बारीकशी जागा असते, पीतबिंदू. वाचणं, सुईत दोरा ओवणं, चेहरा ओळखणं, हे सगळं तिच्याच भरवशावर चालतं. शाळेत आम्ही आकृतीतल्या पीतबिंदूला बाण काढून नाव द्यायचो, एका गुणासाठी. यजमानांच्या उजव्या डोळ्यात या जागेच्या खालून कच्च्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या, त्या पाझरल्या होत्या आणि शेवटी तिथे वण धरला होता.

"भिंतीला खालून ओल चढावी आणि वर पोपडा यावा, तसं आहे हे," त्या म्हणाल्या. "उजव्या डोळ्याचं आता काही करता येणार नाही, काका. डावा सांभाळायचा. त्यातही असं होऊ शकतं. पण ओल मध्यापासून लांब असताना आपल्याला सापडली तर लेसरने ती जागा भाजून बंद करता येते. लवकर सापडायला हवी, एवढंच."

ती लवकर सापडावी म्हणून त्यांनी एक कागद दिला. त्यावर एक मोठा चौकोन, त्यात उभ्याआडव्या रेघा आणि मधोमध एक ठिपका. रोज सकाळी जवळचा चष्मा लावायचा, उजवा डोळा झाकायचा, डाव्याने ठिपक्याकडे बघायचं. रेघा सरळ दिसल्या तर ठीक. वाकड्या दिसल्या, तुटक दिसल्या, तर त्याच आठवड्यात यायचं, नंबर लावलेला नसला तरी.

यजमानांनी कागद हातात घेतला, आडवा धरला, उभा धरला.

"डॉक्टर, हा चौकोन चौकोन नाही."

"म्हणजे?"

"डावी बाजू आखूड आहे. आणि खालच्या तीन रेघा पोटात गेल्यात. ही झेरॉक्सची झेरॉक्स आहे ना?"

"काका, मला तुमचा डोळा तपासायचाय," डॉक्टर हसून म्हणाल्या. "तुम्ही माझं मशीन तपासू नका."

पण त्यांना राहवलं नाही. पुढच्याच रविवारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर बोर्ड मांडला आणि ट्रेसिंग पेपरवर शाईने नवा चौकोन काढला. बाजू दहा सेंटिमीटर, पाच-पाच मिलिमीटरवर रेघ, आत बरोबर चारशे चौकोन. एका डोळ्याने काढला. मी बाजूला बसून बघत होते. रेघ ओढताना ते श्वास धरायचे आणि पट्टी उचलली की सोडायचे. मग कचेरीतल्या ओळखीच्या माणसाकडून त्या चौकोनाच्या अमोनिया प्रिंट काढून घेतल्या. निळसर रेघांच्या आणि उग्र वासाच्या त्या प्रिंटांचं भेंडोळं आम्ही पुढच्या खेपेला डॉक्टरांना नेऊन दिलं. त्यांनी एक प्रिंट उजेडात धरून बराच वेळ बघितली. नंतर त्यांच्या सगळ्या पेशंटांना तोच चौकोन मिळू लागला. यजमानांनी हे कचेरीत कोणाला सांगितलं नाही, पण मला दोनदा सांगितलं.

आमच्या घरी तो स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवलेला होता. सकाळी दाढी झाली की ते चष्मा बदलून त्याच्यासमोर उभे राहत, उजव्या डोळ्यावर तळहात ठेवत आणि थोड्या वेळाने म्हणत, "सरळ." मी आतून म्हणायची, "बरं." दीड वर्ष आमचा दिवस या दोन शब्दांनी सुरू झाला. कधी मी मुद्दाम उत्तर दिलं नाही तर पुन्हा मोठ्याने म्हणायचे, "अगं, सरळ!"

मग एका श्रावणात, आठवडाभर पाऊस थांबला नव्हता तेव्हा, ते कागदासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले.

"कागद फुगलाय," ते म्हणाले.

मी हात पुसत बाहेर आले. "काय झालं?"

"दमट हवा. हा कागद पाणी धरतो. बघ, मध्याच्या डावीकडे कशी लाट आलीये."

मी बघितलं. "मला सरळ दिसतंय."

"तुला सगळंच सरळ दिसतं."

यात रागावण्यासारखं काही नव्हतं, खरंच होतं ते. त्यांनी कागद काढला, उलट्या बाजूने इस्त्री फिरवली आणि माझ्या शब्दकोशाच्या दोन खंडांमध्ये दाबून ठेवला. दुसऱ्या दिवशी लावला, तर लाट तिथेच. मग भेंडोळ्यातली नवी प्रिंट लावली. तीही तशीच. "सगळा गठ्ठाच दमटलाय," म्हणाले. पनवेलच्या पावसाळ्यात हे पटण्यासारखं होतं. कपाटातले कपडे दमटतात, काडेपेटी दमटते, ग्रंथालयात आम्ही पुस्तकांच्या फळ्यांवर शंभर वॅटचे दिवे लावून ठेवत असू. कचेरीतही पावसाळ्यात मोठे नकाशे दोन-दोन मिलिमीटर वाढतात, असं ते दर वर्षी सांगत. आपल्या हाताने काढलेली रेघ वाकडी असेल, हे त्यांना सुचणं शक्य नव्हतं. राहिला कागद. डोळ्याचं नाव आम्ही दोघांनीही काढलं नाही.

आज मागे वळून बघताना मला एक गोष्ट दिसते. आयुष्यभर जो माणूस दुकानदाराच्या फूटपट्टीवरसुद्धा आपली पट्टी लावून बघायचा, त्याने त्या दिवसांत त्या कागदाला पट्टी लावली नाही.

ती मी लावली. ते कचेरीत गेले होते. दुपारी मी त्यांच्या खणातून स्टीलची पट्टी काढली आणि दारामागच्या कागदावर, मध्याच्या डावीकडच्या रेघेवर ठेवली. रेघ पट्टीला या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटून होती. कुठे केसाएवढी फट नव्हती. मी दुसरी बघितली, तिसरी बघितली. मग आडव्या बघितल्या. कागद फुगला नव्हता.

त्या संध्याकाळी मी त्यांना सांगायला हवं होतं. पाच दिवसांवर गणपती होते.

आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती. मखर ते स्वतः करत, पुठ्ठ्याचं, दर वर्षी वेगळं. कधी देवळाचं शिखर, कधी कमानी. गल्लीतली माणसं मूर्तीपेक्षा मखर बघायला आधी येत. आणि आमच्या घरात, सासूबाईंच्या वेळेपासून, घरात गणपती यायचे असताना इस्पितळाची पायरी कोणी चढत नसे. माझा स्वतःचा दात एकदा नऊ दिवस ठणकत होता, तरी मी विसर्जनानंतरच गेले होते. कोणी नियम केला नव्हता. "गणपती होऊन जाऊ देत," हे वाक्य आमच्याकडे सगळ्या दुखण्यांना पुरायचं. मी तेच मनाशी म्हटलं. दीड वर्ष काही झालं नाही, आता दहा दिवसांत काय होणार? डॉक्टर 'त्याच आठवड्यात' म्हणाल्या होत्या ते मला चांगलं आठवत होतं. मी पट्टी खणात ठेवून दिली.

त्या वर्षी मखराला चार खांब होते. ते रात्रंदिवस पुठ्ठा कापत बसले. उभं केलं तेव्हा डावीकडचे दोन खांब वर जाताना एकमेकांकडे झुकलेले दिसले. मलासुद्धा दिसले. मी त्या खांबांवर झेंडूच्या दाट माळा सोडल्या. शेजारचे भाऊ आरतीला आले आणि मान तिरपी करून म्हणाले, "मास्टर, यंदा मखर जरा कललंय काय हो?"

"मखर नाही, तुमची जमीन कललीये," यजमान म्हणाले. "घरी जाऊन पलंगाखाली गोटी ठेवून बघा."

सगळे हसले. तेही हसले. पण आरतीच्या वेळी मी बघितलं, तर ते तळहाताने उजवा डोळा झाकून खांबाकडे बघत होते.

विसर्जन करून तलावावरून परतलो. पाट रिकामा होता, समोर समई तेवत होती. मी म्हटलं, "उद्या मुंबईला जाऊ या."

"हो," ते म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने गेलो. नंबर नव्हता, तरी डॉक्टरांनी आत घेतलं.

"कधीपासून वाकडं दिसतंय?"

यजमान म्हणाले, "तीन-साडेतीन आठवडे झाले असतील. मला वाटलं, कागद फुगलाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काका, कागद?"



मग तपासणी झाली. हाताच्या शिरेत पिवळं औषध टोचतात, ते रक्ताबरोबर डोळ्यात पोचतं आणि कॅमेरा पडद्याचे भराभर फोटो घेतो. जिथे वाहिनी पाझरते तिथे औषध सांडलेलं दिसतं. फोटो धुऊन यायला वेळ होता, म्हणून आम्ही बाहेर बाकावर बसलो. औषधाने त्यांचा चेहरा, हात, डोळ्यांतलं पांढरं, सगळं पिवळंधमक झालं होतं. शेजारी एक कोळीण बसली होती. उरणजवळच्या मोऱ्याहून पहाटेच्या लाँचने आली होती; साठी उलटलेली, हिरव्या काठाचं लुगडं, कानांत जड सोनं. तिने यजमानांना खालून वर न्याहाळलं.

"काय ओ मास्तर, ह्या वयान हलद लागली?"

यजमान म्हणाले, "हो ना. नवरी आत फोटो धुतेय."

ती एवढी हसली की नर्स बाहेर येऊन बघून गेली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाय, तू कशाला रडतेस? मना पन सकाली हेच टोचलंय. मी काली, माझ्यावर दिसत नाय, एवरंच."

मी रडत होते हे मला तोवर कळलं नव्हतं.

फोटोंची फिल्म डॉक्टरांनी दिव्यासमोर धरली. राखाडी पडद्यावर मधोमध एक पांढरा डाग होता, कडा विरघळल्यासारख्या.

"मध्याखाली सरकलाय," त्या म्हणाल्या. नंतर त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहायचा प्रयत्न करते. डाग मध्यापासून बाजूला असता तर त्यांनी त्याच दिवशी लेसर केलं असतं. पण लेसर म्हणजे भाजणं. जिथे पडेल तिथला पडदा कायमचा जातो. मध्यावर केलं तर वाचायची नजर आजच्या आज जाणार. पण डाग कदाचित तिथेच थांबेल. केलं नाही तर नजर हळूहळू जाईल, आणि डाग किती पसरेल ते सांगता येणार नाही. दोन्हींपैकी शेवटी कशात जास्त नजर राहते, हे त्यांना माहीत नव्हतं. त्या तेच शोधत होत्या. ज्यांचा डाग मध्यावर आलाय आणि जे कबूल आहेत, अशा पेशंटांसाठी बंद पाकिटं केली होती. काहींत लेसर, काहींत नुसतं निरीक्षण. ज्याला जे निघेल ते. मग दर तीन महिन्यांनी सगळ्यांची नजर मोजायची.

"तुम्हीच ठरवा ना, डॉक्टर," मी म्हटलं. "तुम्हाला जे बरं वाटेल ते."

"बाई, मला माहीत असतं तर मी पाकिटं कशाला केली असती?"

"पण दैवावर कसं सोडायचं?"

"मी ठरवलं तर मी ज्यांचे डोळे बरे दिसतात त्यांना एक देईन, वाईट दिसतात त्यांना दुसरं. मग कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी मी काकांना बघणारच आहे. याच्यात यायची सक्ती नाही."

यजमान पुढे झुकले. त्यांनी विचारलं, "पाकिटं कोणी बंद केली?"

"दुसऱ्या विभागातल्या माणसाने. मला आतलं माहीत नाही."

"उजेडात धरली तर दिसतं का?"

"काळा कागद घातलाय आत."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. काम नीट केलेलं आहे एवढंच त्यांना बघायचं होतं. संमतीचा कागद इंग्रजीत होता, तो मी त्यांना ओळीओळीने मराठीत वाचून दाखवला. खाली सही करताना रेघ त्यांना तुटक दिसत होती. मी बोट ठेवलं, बोटाच्या वर त्यांनी सही केली. डॉक्टरांनी पाकीट फोडलं आणि वाचलं, "निरीक्षण."

त्याच दिवशी कोळणीच्या पाकिटात लेसर निघालं.

पुढची अडीच वर्षं आम्ही दर तीन महिन्यांनी जात राहिलो, आणि बहुतेक वेळा ती बाकावर असायचीच. नजर मोजायला भिंतीवर तक्ता होता. तिला अक्षरं येत नव्हती, म्हणून तिच्यासाठी तीन दातांच्या फणीसारख्या खुणांचा वेगळा तक्ता होता. फणीचे दात कुठे वळलेत ते हाताने दाखवायचं. ती आत जाताना आम्हाला सांगायची, "जाते, फन्या इंचरून येते." भाजल्यापासून तिच्या डोळ्याच्या मधोमध काळोख बसला होता, पण तो वाढला नव्हता. आमचा मध्य धूसर होत चालला होता आणि वाढतही होता. मी मनातल्या मनात दर वेळी तिच्या खुणा आणि यांची अक्षरं यांची तुलना करायची. एकदा तर बाहेर आल्या आल्या मी तिला विचारलं, किती ओळी आल्या? ती म्हणाली, "बाय, ही काय शाला हाय? नंबर कारतेस काय आमचा?" मला लाज वाटली.

तक्त्यानंतर चौकोनाचा कागद यायचा, यांनीच काढलेला. रेघा जशा दिसतात तशा त्यावर पेन्सिलीने दाखवायच्या असत. बाकीचे पेशंट एक गोल काढून मोकळे होत. यजमान टोकदार पेन्सिल मागून घेत, कागदावर वाकत आणि तासभर बसत. प्रत्येक रेघ कुठून झुकायला लागते, कुठे तुटते, कुठे पुन्हा सापडते, सगळं. त्यांच्या नकाशांत टेकडी जशी रेघांच्या वेटोळ्यांनी दाखवतात, तशी त्यांच्या डोळ्यातली सूज कागदावर उमटायची. डॉक्टर तो कागद पडद्याच्या फोटोशेजारी ठेवत आणि डाग जिथे असे तिथेच रेघा वाकलेल्या असत. "काका, हे मला पुस्तकातही मिळत नाही," असं त्या एकदा म्हणाल्या. त्या दिवशी घरी येताना एसटीत ते खूप बोलले. मध्य नाहीसा होत होता, आणि ते त्याची मोजणी करत होते. त्यांना ते कसं जमत असेल, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षाअखेर कचेरीतून त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. बोर्ड कपाटाच्या मागे गेला. दारामागच्या कागदासमोर उभं राहणं त्याआधीच थांबलं होतं. वर्तमानपत्र मी वाचून दाखवू लागले.

अभ्यासाची मुदत संपली, त्या शेवटच्या खेपेला त्यांनी कागदावर वाकून पाहिलं आणि पेन्सिल परत दिली. "मधे काही सापडत नाही," म्हणाले. "उगाच अंदाजाने काढणार नाही."

डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले आणि बाहेर बाकावर बसायला सांगितलं. ते कोळणीशेजारी जाऊन बसले. ती त्यांना म्हणत होती, "माझा जालला, तुमचा नाय जालला, आनी आता दोघं सारकंच? मंग डाक्टरीन शिकली काय?" यजमान तिला काहीतरी समजावत होते. मी मागे राहिले आणि दार लोटून घेतलं.

आधी मी तेच विचारलं, कोळणीचं. डॉक्टर म्हणाल्या, आमच्या इथे माणसं थोडी आहेत, एवढ्यांवरून ठाम काही म्हणता येत नाही. भाजलेल्यांची नजर आधी पडली आणि मग थांबल्यासारखी वाटते, न भाजलेल्यांची घसरत राहिली. हा अभ्यास इतर इस्पितळांतही चालू आहे, सगळीकडचे आकडे एकत्र झाले की कळेल. आणि मध्यावर न भाजता ओल बंद करता येईल असं काहीतरी निघायला हवं, त्याशिवाय खरं काही नाही.

मग मी विचारलं, "तेव्हा आम्ही दहा दिवस आधी आलो असतो तर?"

त्या कागद आवरत होत्या, त्यांचे हात थांबले. "साडेतीन आठवडे ना?"

"नाही. दहा दिवस." आणि मी त्यांना पट्टीचं सांगितलं. गणपतीचंही सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी.

त्यांनी जुनी फाइल काढली, ती पहिली फिल्म पुन्हा दिव्यासमोर धरली. काहीतरी सांगून मला मोकळं करणं त्यांना सोपं होतं, आणि मी त्यासाठीच विचारलं होतं हे त्यांनाही कळलं असावं.

"हे डाग भराभर वाढतात," त्या म्हणाल्या. "दहा दिवस आधी तो मध्याच्या बाहेर असता असं मला वाटतं. नक्की नाही सांगता येणार. पण वाटतं. मग मी पाकीट काढलंच नसतं. लेसर केलं असतं. त्यानंतरही टिकलं असतं की नाही, ते कोणी सांगू शकत नाही."

मी त्यांचे आभार मानले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घावन करत होते. ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते, ताट मांडीवर. थेंबांचा अंमल उतरला होता. खिडकीतून ऊन थेट माझ्या तोंडावर येत होतं.

"काल आत एवढा वेळ काय विचारत होतीस?"

"आपल्याला उशीर झाला होता, त्याचं," मी म्हटलं.

"मग? काय म्हणाल्या?"

मी घावन उलटलं. "म्हणाल्या, लवकर गेलो असतो तरी काही फरक पडला नसता."

त्यांनी मान किंचित डावीकडे वळवली आणि माझ्या उजव्या कानाच्या पलीकडे, भांड्यांच्या मांडणीकडे नजर लावली. अनोळखी माणसाला वाटलं असतं, आता हे दुसरीकडे बघायला लागले. पण पीतबिंदू गेलेली माणसं कडेने बघायला शिकतात. ज्याच्याकडे बघायचं त्याच्यावर नजर ठेवली तर तेच पुसलं जातं, म्हणून नजर थोडी बाजूला ठेवतात आणि पडद्याच्या उरलेल्या भागावर ते पकडतात. ते मांडणीकडे बघत होते, म्हणजे माझा चेहरा बघत होते. बराच वेळ बघत होते. मी हातातलं उलथणं कुठे ठेवावं ते विसरले.

"असं म्हणाल्या?"

"हो."

"बरं," ते म्हणाले, आणि ताट पुढे केलं. मी त्यात घावन वाढलं. चाचपडत त्यांनी नारळाची चटणी शोधली. "तूही बस आता," म्हणाले. "तव्यावरचं जळतंय."

खरंच जळत होतं. पुढे सहा वर्षं ते होते. ही गोष्ट आमच्यात पुन्हा निघाली नाही.